दगडाशी चकमक

दगड फोडायला अक्कल लागत नाही, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा म्हटलं त्यानं जन्मात एकही दगड फोडलेला नसणार. हे मत आमच्या शेरेसाहेबांचं. ते त्यांनी डाव्या हाताची तीन बोटं बँडेजमध्ये असताना मांडलं, तेव्हा त्याला वजन आहे.

शेरे हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत दावे तपासायचं त्यांचं काम. कुणी जिन्यावरून घसरला, कुणाच्या पायावर कपाट पडलं, की तो कागद फिरत फिरत साहेबांच्या टेबलावर यायचा आणि साहेब त्यावर तिरप्या अक्षरात शेरा मारायचे: ‘इजा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. दावा अमान्य.’ वर्षानुवर्षं हेच केल्यावर नाव पडलं शेरेसाहेब, आणि ओघानंच घरच्या बाईंचं शेरेबाई. दारावरच्या पाटीवर खरं आडनाव आहे म्हणतात, पण ती पाटी पोस्टमनसुद्धा वाचत नाही.

तर झालं असं. एका रविवारी साहेब, बाई, त्यांची कॉलेजातली लेक आणि साहेबांचे साडू सहकुटुंब असे सगळे वस्तुसंग्रहालय बघायला गेले. साडू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. नळ गळतोय म्हटलं की खिशातून पाना काढणारा माणूस. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला तरी आधी खुर्चीचा हलणारा पाय ठीक करून मग बसणार. असा साडू वैऱ्यालाही लाभू नये!

अश्मयुगाच्या दालनात काचेच्या कपाटांपुढे साडू उभे राहिले आणि म्हणाले, “बघा साडूबुवा, कसली हत्यारं केलीत! तुम्ही असता त्या काळात, तर टोळीनं तुम्हाला शेरे मारायला बसवलं असतं. आणि कागद तर तेव्हा नव्हताच. म्हणजे उपाशी!”

साडू हसले. मेहुणी हसली. लेकही जरा हसली. इथवर साहेबांची काही तक्रार नव्हती, साडूच्या हसण्याची त्यांना लग्नापासून सवय होती. पण मग शेरेबाई म्हणाल्या, “अहो भाऊजी, हत्यार कसलं घेऊन बसलात? ह्यांना दुधाची पिशवी धड कापता येत नाही. कापली की अर्धं दूध ओट्यावर!” आणि त्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की तोल सावरायला त्यांना कपाटाच्या काचेवर हात ठेवावा लागला. पहारेकरी येऊन ‘हात काढा’ म्हणाला, तरी हसतच होत्या.

हे मात्र साहेबांना लागलं. माणूस जगाचं हसणं पचवतो हो, पण बायको त्या जगात जाऊन उभी राहिली की घास घशाशी अडकतो. साहेबांच्या कानशिलांवर लाली चढली. ते म्हणाले, “हिचा पन्नासावा वाढदिवस येतोय ना? त्या दिवशी केक कापायचा तो मी स्वतः घडवलेल्या दगडी पात्यानं! नाही कापला तर मला दगड म्हणा.”

“ते तर आत्ताही म्हणू शकतो,” साडू म्हणाले. “कापला तर काय?”

“कापला तर पुन्हा माझ्या घरातल्या एकाही नळाला हात लावायचा नाही.”

एवढं बोलून साहेबांनी रागारागानं समोरच्या कपाटाचा फोटो काढला आणि तरातरा बाहेर पडले. बाई मागे राहून कपाटांवरच्या पाट्या वाचत होत्या. त्यांना पाट्या वाचायची आवड आहे. हे आत्ताच सांगून ठेवतो.

*

त्या दिवसापासून साहेबांना बूड टेकवेना. मुळातच ते बैठे नव्हेत. जेवताना पाय हलवणार, फोनवर बोलताना घरभर हिंडणार. आता तर रात्री कूस बदलून बदलून पलंगाच्या पट्ट्या ढिल्या झाल्या. फोटोतला तो दगड त्यांनी मोबाइलवर मोठा करून बघून ठेवला होता. वर रुंद, खाली निमुळता, आणि चहूबाजूंनी लांबलांब पन्हाळी पडलेला. कुठं धरायचा आणि कोणत्या बाजूनं कापायचं ते नीट कळत नव्हतं. पण आदिमानवाला कळत होतं ना? मग हातात आला की आपल्यालाही कळेल, असा साहेबांचा हिशेब.

मग व्हिडिओ बघणं सुरू झालं. त्यातून एवढं कळलं की दगड हाणून फुटत नाही, तो समजुतीनं फोडायचा असतो. एका हातात घडवायचा दगड, दुसऱ्या हातात मारायचा गोटा. कडेवर मारायचं, आणि कडेचा कोन काटकोनाहून लहान हवा. मग आतल्या आत धक्का पळतो आणि खालच्या बाजूनं सबंध कपची सुटते. कोन मोठा झाला की कपची सुटत नाही, अंगठ्याचं नख सुटतं. हे शेवटचं व्हिडिओत नव्हतं.

दगड चांगला की वाईट ते वाजवून ओळखायचं. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर आत भेग आहे. झालं! साहेब ऑफिसला जाता-येता रस्त्यातला एकेक दगड उचलून कानाशी धरायला लागले. ऑफिसच्या बागेतले पांढरे शोभेचे गोटे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ओळीनं वाजवून पाहिले. दारावरच्या रखवालदारानं त्यांच्या वरिष्ठांना जाऊन सांगितलं, “साहेबांना जरा घरी सोडा. ते दगडांना टिचक्या मारतात आणि ‘कोण आहे आत’ असं विचारतात.”

बागेतून घरी आणलेले गोटे फुटून त्यांची रेती झाली. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी सल्ला दिला. डॉक्टर सल्ल्याचे पैसे दवाखान्यातच घेतात, जिन्यात फुकट देतात, त्यामुळे साहेब त्यांना जिन्यातच गाठत. डॉक्टर म्हणाले, “अहो, नवशिक्यानं काचेवर हात बसवावा. बाटलीचं बूड घ्या. आणि मारायच्या आधी कड घासून घ्या बरं का. पातळ कडेवर माराल तर चुरा होईल. दात काय, दगड काय, टवका उडायचा नियम एकच.”

बाटलीचं बूड! साहेबांनी भंगारवाल्याकडून पोतंभर रिकाम्या बाटल्या आणल्या. पोतं जिन्यातून वर जाताना जे काही खळखळलं ते सगळ्या मजल्यांनी ऐकलं. आयुष्यात लिंबाच्या सरबतापलीकडे न गेलेला माणूस, पण दुसऱ्या दिवशी बिल्डिंगमधल्या बायका शेरेबाईंचा हात हातात घेऊन ‘आम्ही आहोत हं’ म्हणायला लागल्या. एकीनं तर दारू सोडवणाऱ्या कुठल्याशा केंद्राचा पत्ताही आणून दिला. बाईंनी तो जपून ठेवला. म्हणाल्या, “असू दे, दगड सोडवणारं केंद्र निघालं तर तेही कळवा.”

बाटल्या संपल्यावर साहेबांना व्हिडिओत कळलं की फ्लशच्या टाकीचं चिनी मातीचं झाकण ह्या कामाला उत्तम. घरात टाक्या दोन, झाकणं दोन. पहिलं झाकण कोन चुकल्यामुळे गेलं, दुसरं पहिल्याच्या दुःखात गेलं. आणि नेमके त्याच संध्याकाळी साडू चहाला आले आणि हात धुवायला आत गेले. बाहेर आले ते हसू दाबून आले. खिशातून मेजपट्टी काढत म्हणाले, “ताई, माप घेऊन ठेवलंय. ह्यांचं चालू द्या, मी झाकणं आणून बसवतो.” बाईंनी ‘बरं होईल हो’ म्हटलं. त्या रात्री साहेब जेवले नाहीत. म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या.

*

पुढं नाक्यावरच्या खडीच्या ढिगात साहेबांना खरा माल सापडला. तपकिरी, मेणासारखा तुकतुकीत, आणि वाजवला तर घंटेसारखा. असे चार-पाच मोठे गोटे त्यांनी ऑफिसच्या बॅगेतून घरी आणले. हाच चकमकीचा दगड. आता बाल्कनी पुरेना. दगडाची धूळ छातीत जाते, उघड्यावर बसा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणजे गच्ची आली, आणि गच्ची म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी तोंडी काही ऐकत नाहीत, लेखी लागतं. आणि लेखी म्हटलं की साहेबांना पान्हा फुटतो. त्यांनी अर्ज लिहिला:

‘विषय: गच्चीवर दर रविवारी चकमक करण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, सदर चकमकीत दगड, हाड व तांब्याची अणकुचीदार सळई यांचाच वापर केला जाईल. रहिवाशांना इजा होणार नाही याची दक्षता घेतली जाईल. उडालेले तुकडे त्याच दिवशी गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्यात येईल. कळावे.’

ह्यात चूक काय होती, ते साहेबांना अजूनही मान्य नाही. हाड हवंच होतं, कारण गोट्यानं जाड कपच्या निघतात आणि हाडानं मारलं तर पातळ निघतात. तांब्याचं टोकही हवंच होतं, कारण शेवटी कडेवर ते टेकवून दाबून दाबून बारीक टवके काढायचे असतात. सगळं खरं लिहिलं होतं. पण सेक्रेटरींनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, ‘उडालेले तुकडे’पाशी त्यांना घाम फुटला, आणि त्यांनी तो तसाच्या तसा पोलीस चौकीत नेऊन दिला.

रविवारी सकाळी दारात हवालदार. साहेब तेव्हा लेकीचा पोहायचा चष्मा डोळ्यांवर आणि जुन्या बॅगेचं चामडं मांडीवर बांधून निघायच्या तयारीत होते. हातात हाड.

“चकमक तुम्हीच करणार का?” हवालदारांनी विचारलं.

“हो. तुम्ही बघायला आलात? या ना!”

“कुणाकुणात होणार आहे?”

“माझ्यात आणि दगडात.”

हवालदारांनी वही काढली. “दगड. हे टोपणनाव का? खरं नाव काय त्याचं?”

“अहो, दगड म्हणजे दगड!”

“ओरडू नका. त्याचं-तुमचं जुनं वैर आहे?”

“वैर कसलं? दोन-तीन महिन्यांची तर ओळख आमची,” साहेब हताशपणे म्हणाले. “पण हल्ली दाद देत नाही.”

“राहतो कुठं?”

“बाल्कनीत.”

हवालदार सावध पावलांनी बाल्कनीत गेले. तिथं बादलीभर कपच्या, चार गोटे आणि एक कुत्रं होतं. कुत्रं हाडाच्या वासानं गेले काही दिवस साहेबांच्या मागं मागं हिंडत होतं आणि आज कुणाचं लक्ष नाही बघून घरातच शिरलं होतं. हवालदारांनी सगळ्यांकडे नीट पाहिलं, मग दारात उभ्या बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “माझ्या वाढदिवसाची तयारी आहे हो.” हवालदारांनी वही मिटली आणि जाताना बाईंना हलक्या आवाजात म्हणाले, “काही लागलं तर चौकीचा नंबर आहे तुमच्याकडे?”

चौथ्या मजल्यापर्यंत बातमी पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती पोचली. सेक्रेटरींनी गच्चीला दुसरं कुलूप लावलं. साहेबांना जिन्यातून जाताना भिंतीकडे तोंड करून जावंसं वाटायला लागलं. लोकांच्या दाव्यांवर फटाफट शेरे मारणारा हा माणूस, आणि आता त्याच्यावरच सगळी बिल्डिंग शेरे मारत होती. पण थांबायचं कसं? डोळे मिटले की काचेवर हात ठेवून हसणारी बायको दिसायची. मग ते उठून बाल्कनीत जायचे, दार लावून घ्यायचे आणि ठक ठक सुरू.

आणि खरं सांगू का, हात बसत चालला होता. कड घासून, कोन साधून, उंचवट्याच्या रेषेवर नेम धरून मारलं की लांब, पातळ, उजेड आरपार दिसेल अशी कपची सुटायची. साहेब ती बादलीत टाकायचे आणि हातातल्या दगडाकडे बघून मान हलवायचे. अजून फोटोसारखा होत नव्हता. कपच्या गोळा करताना रोज एक बोट कापायचं. बाई बँडेज बांधायच्या, काही बोलायच्या नाहीत. बादली मात्र त्याच खाली नेऊन रिकामी करायच्या.

वाढदिवस चार दिवसांवर आला तेव्हा साहेबांचा धीर सुटला आणि त्यांनी शेवटचा उपाय केला. दगड वाळूत पुरून मंद आचेवर भाजला तर तो मऊपणे फुटतो, असं कुठंतरी ऐकलं होतं. दगड आधी नीट वाळवावा लागतो, हेही तिथंच सांगितलं होतं, पण एवढं ऐकायला ज्याला स्वस्थ बसता येतं तो ह्या भानगडीत पडेल कशाला? त्यांनी बाईंचा ओव्हन घेतला. थोड्या वेळानं आत दगडातल्या पाण्याची वाफ झाली आणि असा बार उडाला की डॉक्टरांच्या खुर्चीतला पेशंट दात न काढताच पळाला. ओव्हनच्या दाराची काच गेली, आतली जाळी वाकली.

बाई स्वयंपाकघरात आल्या. ओव्हनकडे पाहिलं. म्हणाल्या, “केक ह्यातच करणार होते मी.” त्या ओरडल्या असत्या तर साहेबांना बरं वाटलं असतं. त्या झाडू आणायला गेल्या.

*

केक बेकरीतून आला. साडू सहकुटुंब आले, झाकणं घेऊनच आले. डॉक्टर आले. सेक्रेटरीही आले, सोसायटीच्या हितासाठी. टेबलाभोवती सगळे उभे राहिले, आणि साडूंनी टाळी वाजवून म्हटलं, “हं साडूबुवा, काढा पातं!”

साहेबांनी रुमालातून काढला. वर रुंद, खाली निमुळता, चहूबाजूंनी पन्हाळी पडलेला. अगदी फोटोसारखा! उरलेल्या गोट्यांपैकी शेवटचा, आदल्या संध्याकाळी साधलेला. वस्तू देखणी होती, ह्यात वाद नव्हता.

साहेबांनी तो केकवर टेकवला आणि दाबला. केक कापला गेला नाही. चेपला गेला. त्यांनी दगड फिरवून धरला, आडवा धरला, उलटा धरला. क्रीम मनगटापर्यंत आलं आणि केकच्या मध्यभागी खड्डा पडला. मेहुणीनं तोंडाला पदर लावला.

“दगड!” साडू म्हणाले आणि खो खो हसत सुटले. “अहो, कबूल केलंत म्हणून म्हणतो, हं. दगड!”

साहेबांनी कुणाकडे पाहिलं नाही. त्यांनी फक्त बायकोकडे पाहिलं. आता ती हसेल, आणि मग ह्या घरात कुठल्या खोलीत जाऊन बसायचं, एवढाच त्यांच्यापुढं प्रश्न होता.

बाई हसल्या नाहीत. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दुधाच्या भांड्याशेजारून काहीतरी घेऊन आल्या. बोटभर लांब, तपकिरी, पातळ कपची. एका टोकाला त्यांनी कापडाची पट्टी गुंडाळली होती. केकचा न चेपलेला कोपरा त्यांनी धरला आणि कपची वरून खाली नुसती ओढली. सरळ, गुळगुळीत फोड निघाली. त्यांनी ती साहेबांच्या हातात ठेवली.

“हे काय आहे?” साडूंनी विचारलं.

“ह्यांनी केलेलं पातं. ह्यांच्या बादलीतलं. गेला महिनाभर दुधाची पिशवी मी ह्यानंच कापतेय. थेंब सांडत नाही.”

“ह्यानं? हे काय कापणार?” म्हणत साडूंनी कपची घेतली आणि कारागिराच्या सवयीनं धारेवरून अंगठा फिरवला. मग ते खुर्चीत बसले. डॉक्टर पुढं झाले. बँडेज कुठल्या फडताळात आहे ते ह्या घरात आता सगळ्यांनाच ठाऊक होतं.

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला. “पण फोटो...”

“फोटो तुम्ही चुकीच्या कपाटाचा काढलात,” बाई म्हणाल्या. “पाती डावीकडच्या कपाटात होती. उजवीकडे होता गाभा. पाती काढून झाल्यावर उरतो तो दगड, टाकून द्यायचा. पाटीवर लिहिलं होतं. तुम्ही भांडत होतात, मी वाचत होते.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“विचारलंत कधी? डॉक्टरांना विचारलंत, भंगारवाल्याला विचारलंत, सोसायटीला अर्ज केलात. मला वाटलं, पाती तर हे तपकिरी गोटे आणल्यावर पहिल्याच आठवड्यात झाली, आता गाभ्याची हौस असेल.” मग त्यांचा आवाज जरा खाली आला. “आणि रोज एक बोट कापून यायचात. ते कशानं कापलं, एवढा तरी विचार करायचात!”

लेक तेवढ्यात म्हणाली, “इजा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.” आणि सगळी खोली हसली, साडूसुद्धा अंगठा वर धरून हसले. साहेबांना आश्चर्य वाटलं, कारण त्यांनाही हसू येत होतं. साडू निघताना सवयीनं मोरीतल्या गळक्या नळाकडे वळले, तर बाईंनीच अडवलं. “भाऊजी, नको. शब्द म्हणजे शब्द.” नळ अजून गळतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बाल्कनीच्या दारात आल्या. “अहो, ते पातं भाऊजींच्या अंगठ्यापासून बोथट झालंय. दुसरं करून द्या.”

घरात नळवाला, वायरमन, साडू असे किती जण किती वेळा बोलावले गेले असतील, पण ‘करून द्या’ असं बाई साहेबांना कधी म्हणाल्याचं साहेबांना आठवेना. ते तडक खाली गेले, नाक्यावरून चांगला वाजता गोटा घेऊन आले, चामडं मांडीवर ठेवून बसले. कड घासली. नेम धरला, हात वर नेला, आणि तसाच थांबवला.

“अगं,” त्यांनी हाक मारली, “जरा इकडे ये. कुठं मारू?”

बाई हात पुसत आल्या, शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि वाकून दगडाच्या एका जागेवर त्यांनी बोट ठेवलं.

“इथं,” त्या म्हणाल्या. “पण आधी मला बोट काढू द्या.”